टी-४६ चांगलं उडत होतं, मग तीनच का बनली?

प्रश्न एरोनॉटिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याचा आहे. अमेरिकी हवाई दलासाठी फेअरचाइल्ड रिपब्लिक कंपनीने बनवलेल्या टी-४६ या जेट ट्रेनरच्या, म्हणजे वैमानिकांना शिकवायच्या विमानाच्या, चाचण्यांत मोठा दोष सापडला नव्हता, असं त्याच्या वाचनात आलं. साडेसहाशे विमानं घ्यायचं ठरलं होतं, बनली फक्त तीन. असं का झालं? त्याला जोडून आणखी दोन प्रश्न आहेत. आपल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) एचटीटी-३४ या ट्रेनरचंही तसंच झालं का? आणि त्याच कंपनीच्या एचटीटी-४० चं काय होणार?

माझं कामाचं सगळं आयुष्य ट्रेनर विमानांच्या डिझाइन ऑफिसात आणि फ्लाइट टेस्टच्या हँगरमध्ये गेलं, त्यामुळे उत्तर लांबेल. माझं मत आधीच सांगून टाकतो. प्रोटोटाइप ट्रेनर हवेतल्या कामगिरीमुळे क्वचितच बाद होतो. तो एक तर कारखान्यात बाद होतो, नाहीतर ज्या जुन्या विमानाची जागा त्याला घ्यायची असते ते विमान अजून उडतंय, एवढ्याच कारणाने मागे पडतो. टी-४६ च्या वाट्याला ही दोन्ही कारणं एकाच वेळी आली.

जुनं विमान म्हणजे सेसनाचं टी-३७. त्याचं पहिलं उड्डाण १९५४ चं, आणि १९५७ पासून ते अमेरिकी हवाई दलात होतं. इन्स्ट्रक्टर आणि शिकाऊ वैमानिक शेजारी शेजारी बसत. दोन छोटी टर्बोजेट इंजिनं होती, प्रत्येकी सुमारे १,०२५ पौंड थ्रस्टची. विमान दणकट आणि स्पिन, म्हणजे गिरक्या घेत पडणं आणि त्यातून सावरणं, शिकवायला फार उपयोगी होतं. शेकडो इन्स्ट्रक्टरांचं ते लाडकं होतं. पण त्या इंजिनांची शिट्टी कानठळ्या बसवणारी होती. हे इंधनाचं आवाजात रूपांतर करणारं यंत्र आहे, असा विनोद वैमानिकच करत. कॉकपिट प्रेशराइज्ड नसल्यामुळे, म्हणजे आत हवेचा दाब राखला जात नसल्यामुळे, २५,००० फुटांच्या वर जाता येत नव्हतं. ट्रेनिंगच्या हिशेबात हे फार महाग पडतं. ढग आणि वादळ यांच्या वरून जाता आलं नाही की त्या दिवसाच्या सॉर्टी, म्हणजे शिकवणीची उड्डाणं, रद्द होतात, बॅच मागे पडते, आणि त्याचा हिशेब कुणी वेगळा मांडत नाही. टर्बोजेटची तहान वेगळीच. १९७३ नंतर तेलाचे भाव वाढले आणि हवाई दलाला ती खुपू लागली.

म्हणून नव्या पिढीच्या ट्रेनरची स्पर्धा लागली आणि जुलै १९८२ मध्ये फेअरचाइल्ड रिपब्लिक जिंकली. ही न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरल्या फार्मिंगडेलची कंपनी. दुसऱ्या महायुद्धातलं पी-४७ थंडरबोल्ट याच कारखान्याचं, आणि रणगाडे फोडणारं ए-१० सुद्धा याच कंपनीचं. अनुभव नव्हता असं कुणी म्हणू शकणार नाही.

विमान कागदावर नेटकं होतं. आसनं पुन्हा शेजारी शेजारी, पण कॉकपिट प्रेशराइज्ड. पंख वर, खांद्याच्या उंचीला. इंजिनं गॅरेटची नवीकोरी एफ-१०९ टर्बोफॅन, प्रत्येकी १,३३० पौंड थ्रस्टची, म्हणजे जुन्यापेक्षा ताकद जास्त आणि तहान व आवाज दोन्ही कमी. उडण्याची कमाल उंची ४६,००० फुटांच्या पुढे, टी-३७ च्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट. आडव्या शेपटीच्या दोन टोकांना दोन उभ्या फिन होत्या, मागून पाहिलं तर इंग्रजी एच अक्षर दिसावं अशी रचना. ए-१० ची शेपटीही अशीच, म्हणून लोकांना वाटतं की घरातली सवय म्हणून लावली असेल. माझ्या मते ट्रेनरसाठी या शेपटीत त्याहून जास्त अर्थ आहे.

शिकाऊ विमानाला मुद्दाम स्पिनमध्ये घालावं लागतं आणि ते तिथून खात्रीने बाहेरही यावं लागतं. स्पिनमध्ये विमान नाक खाली करून गिरक्या घेत पडत असतं आणि हवा खालून वर येत असते. अशा वेळी आडवी शेपटी आपल्या मागे मंद, गढूळ हवेचा पट्टा सोडते. रडर, म्हणजे उभ्या फिनवरची नाक डावी-उजवीकडे वळवणारी फळी, त्या पट्ट्यात सापडला तर वैमानिकाने पेडल कितीही दाबलं तरी काही होत नाही. उभ्या फिन टोकाला नेल्या की त्या त्या पट्ट्याच्या बाहेर, स्वच्छ हवेत राहण्याची शक्यता वाढते. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तिच्यापायी ट्रेनरच्या प्रकल्पांची वर्षंच्या वर्षं जातात. आपलं सितारा, म्हणजे एचजेटी-३६, पहिल्यांदा उडालं २००३ मध्ये. स्टॉल (पंखांची उचल अचानक जाणं) आणि स्पिनच्या अडचणीत ते इतकं अडकलं की शेपटीकडची रचना बदलून स्पिनच्या चाचण्या नव्याने सुरू व्हायला २०१९ उजाडलं.

फेअरचाइल्डने या बाबतीत एक हुशारी केली. खरं विमान बनवण्याच्या आधी, स्पर्धा चालू असतानाच, ६२ टक्के आकाराचं माणूस बसेल असं छोटं विमान बनवून घेतलं. त्यात विमान डिझाइनर बर्ट रुटान यांच्या कंपनीचा हात होता. १९८१ च्या सप्टेंबरात ते कॅलिफोर्नियातल्या मोहावीच्या वाळवंटात उडालंसुद्धा, दोन इवल्याशा फ्रेंच जेट इंजिनांवर. तुम्ही विद्यार्थी आहात म्हणून इथे थोडं थांबतो, कारण हे गणित हल्ली वर्गात घाईत उरकतात. गतीचा स्वभाव जुळवायचा असेल तर आकार ०.६२ केल्यावर वजन ०.६२ चा घन, म्हणजे मूळच्या जेमतेम २४ टक्के ठेवावं लागतं. वेग वर्गमुळाच्या प्रमाणात उतरतो, सुमारे ७९ टक्क्यांवर. आणि गिरकी मात्र उलट वाढते : छोटं विमान मोठ्यापेक्षा सव्वापटीहून जरा जास्त वेगाने फिरतं. म्हणजे आतल्या वैमानिकाला स्पिन मोठ्या विमानापेक्षा चपळ वाटणार, आणि डेटा वाचणाऱ्याने तो गुणक काढून टाकायचा. पंखावरचा प्रवाह किती सुटतो ते मात्र असं पूर्ण जुळत नाही, कारण रेनॉल्ड्स अंक, म्हणजे आकार, वेग आणि हवेचा चिकटपणा यांचं गुणोत्तर, कमीच राहतो. तरीसुद्धा वाऱ्याच्या बोगद्यातल्या मॉडेलपेक्षा हे शंभर पटीने बोलकं असतं. हवाई दलाला मोहावीतलं ते उडतं विमान पाहता आलं, आणि माझ्या अंदाजाने स्पर्धेच्या निकालात त्याचा वाटा असणार.

इथपर्यंतच्या सगळ्या गोष्टी अभिमानाने सांगाव्यात अशाच आहेत. गाडं यानंतर अडकलं.

११ फेब्रुवारी १९८५ ला फार्मिंगडेलला रोलआउटचा समारंभ झाला. विमान रंगवून, चकचकीत करून बाहेर आणलं. पण त्यात बाराशेहून जास्त सुटे भाग बसवलेलेच नव्हते. कार्यक्रमाची तारीख पाळायची म्हणून अर्धवट विमान बाहेर ढकललं होतं. बाहेरच्याला वाटेल, त्यात काय एवढं, नंतर बसवतील की. पण सुटे भाग नसणं हे लक्षण आहे, मूळ आजार निराळा असतो. ड्रॉइंग वेळेवर सुटत नाहीत, सुटलेली बदलत राहतात, खरेदी खात्याला कुठला भाग कुठल्या आवृत्तीचा मागवायचा ते कळत नाही, आणि शॉप फ्लोअरवर माणसं जिग, म्हणजे भाग जोडायचा साचा, समोर घेऊन बसून राहतात. ज्या कारखान्यात असं चालतं तिथे पहिलं विमान उशिरा होतं, आणि पन्नासावंही उशिराच होतं. ग्राहकाचा जुना अधिकारी एक फेरी मारून हे ओळखतो. त्याला विमान उडवून पाहायचीही गरज नसते.

झालंही तसंच. पहिलं उड्डाण एप्रिल १९८५ मध्ये ठरलं होतं, ते १५ ऑक्टोबरला एडवर्ड्स तळावर झालं. मधल्या काळात हवाई दलाने कारखान्याची कसून तपासणी केली आणि व्यवस्थापनात व कामाच्या पद्धतीत एकामागून एक त्रुटी निघाल्या. किमतीचा अंदाज १९८२ मध्ये एका विमानाला १५ लाख डॉलर होता, तो १९८५ च्या फेब्रुवारीपर्यंत ३० लाखांवर गेला. तीन वर्षांत दुप्पट. लढाऊ विमानाची किंमत दुप्पट झाली तर सेनापती संसदेत जाऊन शत्रूची भीती घालतात आणि पैसे आणतात. ट्रेनरसाठी कुणाची भीती घालणार? त्याच्या बाजूने बोलणारी माणसं म्हणजे इन्स्ट्रक्टर, आणि त्यांना बजेटच्या बैठकीला कुणी बोलावत नाही.

त्यातच डिसेंबर १९८५ मध्ये अमेरिकेत तूट आवरण्याचा ग्रॅम-रुडमन-हॉलिंग्ज कायदा आला. सगळ्या खात्यांना कात्री लागणार होती. हवाई दलाने यादी काढली आणि टी-४६ वर बोट ठेवलं. हवाई दलाचे मंत्री रसेल रूर्क यांनी खरेदी रद्द केली, चाचण्या तेवढ्या चालू ठेवल्या. यादी करणाऱ्यांचा युक्तिवाद मला तोंडपाठ आहे, कारण जगातल्या प्रत्येक हवाई दलात तो त्याच शब्दांत होतो. टी-३७ चा सांगाडा मजबूत करून आयुष्य वाढवता येतं, ते आज उडतंय, उद्याही उडेल. या वर्षीच्या पैशात तो मुद्दा खरा असतो. वीस वर्षांच्या पैशात तो खरा असतो का, हे विचारायला त्या खोलीत कुणी नसतं.

पुढचा भाग राजकारणाचा, थोडक्यात सांगतो, पण तो मजेदार आहे. न्यूयॉर्क राज्याचे सिनेटर आल्फान्स डामाटो यांनी ऑक्टोबर १९८६ मध्ये या विमानाचे पैसे वाचवण्यासाठी सिनेटमध्ये साडेतेवीस तास सभागृह अडवून धरलं. बोलण्यासारखं संपलं तेव्हा टेलिफोन डिरेक्टरी वाचून दाखवली. सिनेटच्या इतिहासातल्या सर्वांत लांब भाषणांमध्ये ते गणलं जातं. एका शिकाऊ विमानासाठी इतका वेळ जगात दुसरं कुणी उभं राहिलं असेल असं वाटत नाही. डामाटोंना विमानाचं प्रेम होतं असं समजू नका, फार्मिंगडेलच्या नोकऱ्या त्यांच्या मतदारसंघातल्या होत्या. निष्पन्न एवढंच, की मरण काही महिने पुढे गेलं. मार्च १९८७ मध्ये करार संपला. कंपनीकडे दुसरं मोठं काम नव्हतं, त्यामुळे तो कारखानाच बंद झाला. शेजारच्या विमानतळाला आजही रिपब्लिक विमानतळ म्हणतात.

इंजिनाची कथा याहून वाईट. एफ-१०९ हे या एका विमानासाठी घडवलेलं. विमान गेल्यावर त्याला दुसरं घर मिळालं ते बेल्जियमच्या प्रोमाविया कंपनीच्या जेट स्क्वॉलस या एकाच इंजिनाच्या ट्रेनरमध्ये. ते १९८७ मध्ये उडालं, आणि तेही प्रोटोटाइपच्या पुढे गेलं नाही. नवं विमान आणि नवं इंजिन एकाच वेळी घ्यायचं नाही, असा आमच्या धंद्यात जुना दंडक आहे. तो सांगताना सगळे विमानाच्या काळजीने सांगतात. एफ-१०९ कडे पाहिलं की इंजिनवाल्यांनीही तो पाळायला हवा असं वाटतं.

आता तुमच्या प्रश्नातल्या एका गृहीताला हात घालतो. तुम्ही लिहिलंय की टी-४६ बनलं असतं तर अमेरिकेला पुढे टी-६ घ्यावं लागलं नसतं. वर्षांच्या दृष्टीने बरोबर आहे : टी-६ ची निवड १९९५ मध्ये झाली आणि शेवटची टी-३७ निवृत्त व्हायला २००९ चा जुलै आला. म्हणजे जे विमान १९८० च्या दशकात जायचं होतं, ते आणखी वीस-बावीस वर्षं ताणलं गेलं. पण टी-६ हे स्विस पिलाटस पीसी-९ वरून आलेलं टर्बोप्रॉप विमान, म्हणजे टर्बाइन इंजिनाने प्रोपेलर फिरवणारं, आसनं एकामागे एक. मधल्या दहा वर्षांत ट्रेनिंगची आवड बदलली होती. शेजारी बसलेला इन्स्ट्रक्टर विद्यार्थ्याचे हात आणि नजर दोन्ही पाहू शकतो, घाबरलेल्या पोराला नुसत्या मानेने खूण करू शकतो. त्याउलट एकामागे एक बसवलं तर विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून मधोमध बसून दोन्ही बाजूंना सारखं पाहायची सवय लागते, आणि लढाऊ विमानात त्याला तसंच बसायचं असतं. दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिल्या काही तासांसाठी मी शेजारच्या आसनाच्या बाजूचा, हे मान्य करतो. टी-४६ रखडलं नसतं तर हा वाद अमेरिकेत निदान पंचवीस वर्षं मिटला असता, तोही माझ्या बाजूने.

एचटीटी-३४ कडे येऊ. आपल्याकडे ट्रेनरची परंपरा चांगली होती. डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या हाताखाली बंगळुरूला एचटी-२ घडलं आणि १९५१ मध्ये उडालं, पुढे त्यांच्याच काळात किरण जेट आलं. एचटी-२ च्या जागी एचपीटी-३२ दीपक तयार झालं, पहिलं उड्डाण १९७७. त्याला लायकमिंगचं २६० अश्वशक्तीचं पिस्टन इंजिन. एचटीटी-३४ म्हणजे याच दीपकला अॅलिसनचं ४२० अश्वशक्तीचं टर्बोप्रॉप इंजिन बसवलेलं रूप. ते जून १९८४ मध्ये उडालं. टर्बोप्रॉप इंजिन पिस्टनच्या जवळपास निम्म्या वजनाचं असतं, त्यामुळे गुरुत्वमध्य जागेवर ठेवण्यासाठी ते पुढे न्यावं लागतं. अशा विमानांचं नाक लांब दिसतं ते यामुळे. चढण्याचा वेग सुधारतो, थरथर कमी होते, आणि त्या काळात परदेशातून आणावं लागणारं विमानाचं पेट्रोल जाऊन जेटचंच इंधन चालतं. शिकाऊ वैमानिकाला पहिल्या दिवसापासून टर्बाइनचे गेज वाचायची सवय लागते, तो फायदा वेगळा.

मग नडलं कुठे? वर्ष पाहा. १९८४. त्याच सुमाराला पिस्टनवालं दीपक हवाई दलात नुकतं दाखल होत होतं. कोऱ्या विमानाची जागा घ्यायला कोणतं हवाई दल त्याच वर्षी दुसरं विमान मागेल? टी-४६ समोर तीस वर्षांचं म्हातारं विमान होतं, आणि इथे नवजात, पण अडथळा तोच : जे आहे ते उडतंय.

त्यानंतर दीपकचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. हवेत इंजिन बंद पडण्याच्या घटना होत राहिल्या. सतरा विमानं पडली, एकोणीस वैमानिक गेले, आणि जुलै २००९ मधल्या मेदकच्या अपघातानंतर पूर्ण ताफा जमिनीवर उभा केला. अमेरिकेने टी-३७ निवृत्त केलं तो महिनाही हाच. फरक असा, की त्यांच्याकडे तोपर्यंत टी-६ होतं. आपल्याकडे काहीच नव्हतं. पहिल्या तासापासून पोरांना किरण जेटवर बसवावं लागलं, आणि पिलाटस पीसी-७ यायला २०१३ साल उजाडलं.

एचटीटी-३४ असतं तर हे मृत्यू टळले असते का? सरळ हो म्हणायला मी तयार नाही. दीपकच्या तक्रारींचा मोठा भाग इंजिनाशी आणि त्याला होणाऱ्या इंधनपुरवठ्याशी होता, आणि टर्बोप्रॉपमध्ये इंजिन व त्याची इंधनव्यवस्था दोन्ही बदलतात, तेव्हा तेवढा भाग बहुधा टळला असता. पण इंजिन थांबल्यावर दीपक तरंगत दूर जाण्याऐवजी भराभर खाली येई, आणि तो दोष पंखांचा व धडाचा. नवं इंजिन लावून ते बदलत नाही. शिवाय नव्या इंजिनाचे आपले आजार पाच-सात वर्षांत कळतात, तेही धरावे लागतात. माझं मत विचाराल तर १९९० च्या सुमाराला, दीपकचे आकडे वाईट दिसू लागले तेव्हा, कुणीतरी एचटीटी-३४ ची फाइल पुन्हा उघडायला हवी होती. इंजिन बसवून उडवून दाखवलेलं विमान हातात असताना ते कोपऱ्यात ठेवणं मला तेव्हाही पटलं नव्हतं.

राहिलं एचटीटी-४०. तेही याच वाटेने जायच्या बेतात होतं. २०१२ मध्ये ७५ पीसी-७ चा करार झाल्यावर हवाई दलाला उरलेली गरजही त्याच विमानाने भागवायची होती, म्हणजे पुन्हा तेच कारण : हातात एक विमान आहे. एचएएलने काम स्वतःच्या पैशाने चालू ठेवलं, ३१ मे २०१६ ला विमान उडालं, त्यानंतर स्पिनच्या चाचण्या पार पडल्या. मार्च २०२३ मध्ये ७० विमानांचा करार झाला, ६,८०० कोटींच्या घरातला. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या नाशिकजवळच्या ओझरला त्याची दुसरी उत्पादन लाइन सुरू झाली. त्यामुळे टी-४६ सारखं तीनवर थांबण्याची भीती आता उरलेली नाही. पण तुम्हाला सेमिनारसाठी लक्ष ठेवायचं असेल तर एअर शोमधल्या कसरतींवर ठेवू नका. ओझर आणि बंगळुरूच्या लाइनवर हनीवेलची इंजिनं कुठल्या महिन्यात किती पोचतात, आणि जिगवर इंजिनाची वाट पाहत उभी असलेली विमानं किती, हे दोन आकडे मिळवा. फार्मिंगडेलची गोष्ट ज्यांना माहीत आहे ते आधी तेच विचारतात.